घटपर्णी आणि आमरी एकाच गॅलरीत

प्रश्न : आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिस आणि डेन्ड्रोबियम या आमरींच्या (ऑर्किडच्या) शेजारी घटपर्णीची, म्हणजे पानांच्या टोकांना आलेल्या घटांत कीटक पकडणाऱ्या वनस्पतीची, कुंडी टांगली आहे. सर्वांना बोअरचे पाणी आणि आठवड्यातून एकदा १९:१९:१९ खताची फवारणी देतो. आमरी फुलतात, घटपर्णीला मात्र मार्चपासून एकही नवा घट आलेला नाही, पानांच्या टोकांचे कोवळे घट काळे पडून वाळतात. ही झाडे एकत्र ठेवू नयेत का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जरूर ठेवावीत. सकाळचे कोवळे ऊन, दुपारी ५० टक्क्यांच्या शेडनेटची सावली आणि खेळती दमट हवा दोन्हींना मानवते. मात्र पाणी आणि खत यांची व्यवस्था वेगळी हवी, आणि तुमची चूक नेमकी तेथेच झाली आहे.

घटपर्णी मुळात अत्यंत निकस जमिनीत वाढणारी वनस्पती आहे. जमिनीत न मिळणारे नत्र ती घटात पडलेल्या कीटकांपासून मिळवते, त्यामुळे तिची बारीक, काळसर मुळे क्षार आणि खत सोसण्यासाठी घडलेलीच नाहीत. बोअरच्या पाण्यातील क्षार कुंडीत साठत जातात आणि पाणी उकळूनही ते पुरेसे कमी होत नाहीत. तिला पावसाचे साठवलेले किंवा आरओचे शुद्ध पाणीच द्यावे. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी तर चुकूनही देऊ नये, कारण त्यात क्षार अधिकच असतात. तिची कुंडी आमरींच्या खाली टांगू नये, म्हणजे खताचे थेंब तिच्यावर ठिबकणार नाहीत.

कुंडीतील माध्यमही निराळे लागते. आमरीची जाड मुळे हवेतील ओल शोषतात आणि दोन पाण्यांमध्ये थोडी सुकावी लागतात, म्हणून तिला कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. घटपर्णीला स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) आणि परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांचे मिश्रण द्यावे. ते सतत ओलसर राहावे, पण तळाशी पाणी साचू नये.

दुसरे कारण कोरड्या हवेचे आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात आर्द्रतेची चिंता नसते, परंतु मार्च ते मे या महिन्यांतील दुपारच्या शुष्क हवेत कोवळा घट फुगण्याआधीच करपतो. कुंड्यांखाली ओल्या खड्यांचे ताट ठेवावे आणि झाडे दाटीने मांडावीत. तेथे आमरींचा शेजार घटपर्णीला उपयोगीच पडेल. फवारा सकाळी मारावा, कारण फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात रात्रभर पाणी राहिल्यास तो कुजतो.

घटात मांसाचे तुकडे टाकू नयेत; मुंग्या आणि माश्या ती स्वतः पकडते. करपलेले घट पुन्हा जिवंत होणार नाहीत. नवा घट नव्या पानालाच येतो, म्हणून माध्यम बदलल्यावर पावसाळ्यातील दोन-तीन पाने येईपर्यंत थांबावे.