जळगावच्या उन्हाळ्यात चिलरशिवाय खाऱ्या पाण्याचे मासे जगतात का?

तुम्ही विचारलंय, दोन फुटी टाकी आहे, चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) परवडत नाही, मग जळगावात समुद्री मासे टिकतील का, पहिले कोणते टाकावेत आणि खर्च किती. तुमच्या प्रश्नाखाली एका मुंबईकरांनी लिहिलंय की खान्देशातल्या उन्हात हा नाद करू नये. ते वाचून माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य मी माझ्या मेहुण्याच्या तोंडून चार वर्षं ऐकतोय.

टिकतात. माझी टाकी पाच वर्षं सुरू आहे, जळगावातच, चिलर नाही.

नाद कुठून लागला ते थोडक्यात सांगतो. शाळेच्या सहलीत मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, १९५१ साली सुरू झालेलं. तेव्हापासून डोक्यात होतं. टाकी आली त्या दिवशी आमच्या आईने (माहेर अमळनेरकडचं) विचारलं, "समिंदर घरमा कसाले लयना रे?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात शहाद्याला घरचं लग्न होतं. तिथून वणीला सप्तशृंगीचं दर्शन, असे पाच दिवस आम्ही बाहेर. नेमकं त्याच आठवड्यात मेहुण्याचं इथल्या एमआयडीसीत काम निघालं, तो आमच्याकडेच उतरला होता. ठाण्याला त्याच्या एसी फ्लॅटमध्ये चार फुटी टाकी आहे, चिलर आहे, पाणी आपोआप भरणारं यंत्र आहे, दर महिन्याला साफ करायला माणूस येतो. अशा माणसाला मी काय शिकवणार? एवढंच म्हणालो, "पाणी कमी झालं की भर."

घरात दोन ड्रम होते. पांढऱ्यात आरओचं साधं पाणी, निळ्यात पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेलं खारं पाणी. मेहुण्याने पाचही दिवस निळ्यातलं ओतलं. समुद्री टाकी, म्हणून समुद्री पाणी!

परत आलो तेव्हा कोळंबी दगडाच्या फटीत उताणी पडलेली, अंग पांढरंफटक. तीन डॅमसेल (छोटे, भांडखोर समुद्री मासे) मेलेले. दोन क्लाउन माशांपैकी (नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे) एक तळाला पडलेला, दुसरा पंपाच्या तोंडाशी पाण्याच्या वर तोंड काढून भराभर कल्ले हलवत होता. काचेच्या कडेला मिठाची जाड पांढरी रेघ. मी आधी थर्मामीटर पाहिला, साडेअठ्ठावीस. मग पाण्याचा खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर बुडवला. त्याचा काटा १.०२५ ला असायला हवा. तो पार वर १.०३० ला जाऊन टेकला होता, त्यापुढे आकडेच नाहीत.

हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल. टाकीत सत्तर लिटर पाणी. मे महिन्यात पंख्याखाली रोज तीन लिटर उडतं. उडतं ते पाणी, मीठ जागच्या जागी राहतं. वरून रोज तीन लिटर खारं, लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, पाच दिवसांत अर्धा किलोच्या वर जादा. आधी कोळंबी गेली, ती सडून अमोनिया वाढला, मग मासे.

मेहुणा म्हणाला, "दाजी, परवा दुपारी तीन तास लाईट नव्हती. तुमच्याकडचं ऊन नडलं." तेव्हापासून सासरी प्रत्येक लग्नकार्यात तो हेच सांगतो आणि सगळे माना डोलावतात. जळगावचं ऊन म्हटलं की कोणालाही पटतं. बायकोही म्हणते, जाऊ द्या ना. पण ऊन नडलं असतं तर थर्मामीटरवर दिसलं असतं.

उलट आमचं कोरडं ऊन इथे फायद्याचं आहे, आणि हे मुंबईकराला कळणं अवघड. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा पंखा लावला की पाणी उडतं आणि उरलेलं गार होतं, माठासारखं. हवा जितकी कोरडी तितका परिणाम जास्त. बाहेर ४४ आणि खोलीत ३६ असताना माझी टाकी दोन छोट्या पंख्यांवर २८-२९ ला राहते. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा नुसता फिरतो. आपल्याकडेही जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याचा जोर कमी होतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो. खोलीत डेझर्ट कूलर लावत असाल तर खोली गार होते आणि हवा दमट होते, म्हणजे एकीकडे मिळतं ते दुसरीकडे जातं. त्यावरून आमच्या घरी वेगळं भांडण आहे. टाकीचा दिवा मात्र दुपारी लावू नका, संध्याकाळी पाच ते दहा पुरे.

पाणी आरओचंच घ्या. बोअरचं जड पाणी आणि नळाचं क्लोरीनवालं दोन्ही नको. मीठ मत्स्यालयाचंच, खडेमीठ टाकून समुद्र होत नाही. सुरुवातीला चार ते सहा आठवडे टाकी माशांविना चालवायची, रोज चिमूटभर खाद्य टाकून. खाद्य सडून अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना घातक द्रव्यं आधी वाढतात, मग ती पचवणारे जिवाणू टाकीत तयार होतात. दोन्ही पुन्हा शून्यावर आले की मग मासे. काही जण यासाठी कच्ची कोळंबी सडवायला सांगतात. आमची आई माळकरी आहे, तेव्हा तो विषयच नव्हता. डॅमसेल पहिल्यांदा टाकू नका, दुकानदार स्वस्त म्हणून गळ्यात मारतात आणि नंतर ते बाकीच्यांना जगू देत नाहीत. मीही फसलो होतो. पैदास केलेल्या क्लाउनची एक जोडी घ्या, दोन फुटांत तेवढीच पुरे. आम्ही मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात आणतो.

खर्चाचं म्हणाल तर पाच वर्षांपूर्वी टाकी धरून मला तीसेक हजार लागले, आता जास्तच लागतील. चिलर वाचला तरी इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप घ्याच. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात पंप बंद पडला तर मासे गुदमरतात. एवढ्यापुरतं मेहुण्याचं लाईटीचं म्हणणं बरोबर आहे, हे त्याला सांगू नका. आणि जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हीटर लागतो.

लिहायचं राहिलंच होतं, प्रवाळ आणि समुद्रघोडे कोणी विकायला काढले तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहेत. माझे दगड कृत्रिम आहेत. टाकी मे महिन्यातही लावू नका, दिवाळीनंतर लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी हात बसेल.

तो वाचलेला क्लाउन अजून आहे. खारटपणा एकदम उतरवला तर तोही जाईल अशी भीती होती, म्हणून दोन दिवस तांब्या-तांब्याने खारं पाणी काढून साधं घालत बसलो. नंतर त्याच्यासोबत एक लहान आणला. क्लाउन सगळे नर म्हणूनच जन्मतात, जोडीतला मोठा मादी होतो, त्यामुळे हा आता 'ती' आहे. टाकीच्या काचेवर लाल चिकटपट्टी लावून मी मार्करने लिहून ठेवलंय: "इथपर्यंत. फक्त पांढरा ड्रम." मेहुणा आला की ती पट्टी बघतो आणि काहीच बोलत नाही.