रक्तातल्या एनके (नॅचरल किलर) सेलमधलं सिग्नलिंग बघायचंय, तर त्या पॉझिटिव्ह सिलेक्शनने (म्हणजे त्यांनाच अँटिबॉडी लावून) काढू की निगेटिव्ह?

निगेटिव्हच करा, म्हणजे टी, बी, मोनोसाइट वगैरे बाकीच्यांना अँटिबॉडी लावून मॅग्नेटवर अडकवायचं आणि एनके सेल न छेडता खाली मिळवायच्या. कारण पॉझिटिव्हमध्ये ज्याला धरून एनके सेल ओढता येतात तो त्यांच्यावरचा सीडी१६ हा स्वतःच अ‍ॅक्टिव्हेटिंग रिसेप्टर आहे, त्याला धरून ओढल्या आणि तो क्रॉसलिंक झाला (अँटिबॉडीने एकमेकांना जोडला गेला) की आत कॅल्शियम वाढतं, फॉस्फोरिलेशन सुरू होतं, मग स्टिम्युलस द्यायच्या आधीच ब्लॉटवर (प्रोटीन दाखवणाऱ्या चाचणीत) फॉस्फोरिलेशनचा बँड, कंट्रोल गेला कामातून. फक्त प्युरिटी तपासा, रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये एनके साधारण ५ ते १५ टक्केच असतात, त्यामुळे थोड्या टी सेल राहून जातात. फ्लोवर (फ्लो सायटोमेट्री, म्हणजे सेलवरचे मार्कर मोजणारं यंत्र) सीडी३ (टी सेलचा मार्कर) निगेटिव्ह, सीडी५६ (एनकेचा मार्कर) पॉझिटिव्ह बघायचं, पण त्यासाठी थोडासा भाग वेगळा काढून तोच स्टेन करा, सगळं सॅम्पल नको, नाहीतर सगळ्याच एनके सेलना अँटिबॉडी लागेल (इथेच लोक गंडतात).