सारख्या ग्लासांत सारखं पाणी वाढवत नेलं तरी सा रे ग म का लागत नाही?

मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही आठ सारखे ग्लास घेतलेत, पट्टीने मोजून दर ग्लासात एकेक सेंटिमीटर पाणी वाढवलंत, आणि पहिले तीन-चार ग्लास एकाच सुरात वाजतायत. बरोबर?

दोष पट्टीचा. मीही हेच केलं होतं, फोंड्याला, चवथीच्या सुट्टीत भाचीबरोबर. सगळी आकडेमोड वहीत सुंदर मांडली होती. वाजवल्यावर घरातले सगळे हसले.

ग्लासावर टकटक केल्यावर जो सूर येतो तो काचेच्या थरथरण्याचा. काठ क्षणभर लांबट गोल होतो, मग आडवा लांबट, असं सेकंदाला शेकडो वेळा. पाणी म्हणजे त्या काचेला चिकटलेलं ओझं. ओझं वाढलं की थरथर मंदावते, सूर उतरतो. पण काच हलते ती मुख्यतः काठाकडे, बुडाशी जवळजवळ नाहीच. म्हणून तळातलं पाणी सुराला जाणवतच नाही, आणि वरच्या बोटभर पाण्याने सूर धाडकन खाली येतो.

तेव्हा उलटे चला. रिकामा ग्लास म्हणजे तुमचा वरचा सा. आरत्यांची पेटी घरात असेल तर तो कोणत्या पट्टीशी जुळतो ते शोधा आणि तिथून नी, ध, प असं उतरत, कानाने, पाणी ओता. पेटी नसेल तर मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅप चालेल. समजा रिकामा ग्लास ९०० हर्ट्झला वाजला, तर पंचम ६७५ ला, मध्यम ६०० ला, खालचा सा ४५० ला हवा. शेवटचं थेंबथेंब पाणी सुईविना सिरिंजने घाला.

एकाच मापाच्या ग्लासांत पूर्ण सप्तक बसेलच असं नाही. आम्हाला खालच्या सुरांसाठी मोठे ग्लास लागले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन-तीन निरनिराळ्या मापांचे, पातळ काचेचे आणले. जाड बुडाचे फेणीचे ग्लास घेऊ नका, ते नुसते ठक्क वाजतात. जलतरंगवाले चिनी मातीची लहानमोठी भांडी घेतात ते यासाठीच. वाजवायला पेन्सिल किंवा लाकडी चमचा, आणि ग्लासांखाली घडी घातलेला टॉवेल.

परीक्षक एक गोष्ट हमखास विचारतील: बाटलीच्या तोंडावर फुंकलं तर पाणी वाढल्यावर सूर का चढतो? तिथे काच नाही, आतली हवा वाजते. पाणी वाढलं की हवेला जागा कमी, म्हणून सूर वर. मुलीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला सांगा, माझ्या मते प्रयोगाचा खरा जीव तिथेच आहे. वेळ असेल तर एका ग्लासात सोडा ओतून वाजवा: बुडबुडे थरथर गिळतात, आवाज बसका येतो. नळाच्या ताज्या पाण्यातही बारीक बुडबुडे असतात, ते जाईपर्यंत थांबा.

शाळेत ग्लास रिकामेच न्या. पाण्याच्या रेघा घरूनच मार्कर पेनाने आखून ठेवा, आणि कुठली रेघ कुठल्या सुराची ते ग्लासावरच लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं, त्यामुळे आयत्या वेळी ध आणि नी यांची अदलाबदल झाली.