माग बिबट्याचा की कुत्र्याचा?

प्रश्न : जानेवारीत वन विभागाच्या मार्गदर्शकाबरोबर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिलोंडा वाटेवर प्राण्यांच्या खुणा पाहायला जाणार आहोत. उद्यानाच्या आसपास भटकी कुत्रीही खूप. मग ठसा बिबट्याचाच, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नखं दिसली की कुत्रा, नाही दिसली की बिबट्या, एवढ्यावर विसंबू नका. बिबट्या नखं आत ओढून चालतो खरा, पण निसरड्या उतारावर ती बाहेर येतात. उलट कडक जमिनीवर कुत्र्याची नखं उमटतच नाहीत. आधी तळव्याची गादी पाहा. बिबट्याची गादी रुंद, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. कुत्र्याची लहान आणि तिकोनी. मग बोटं. कुत्र्याची मधली दोन बोटं एका रेषेत असतात, बिबट्याचं त्यातलं एक जरा पुढे असतं. आकाराचा भरवसा नको. चिखलात ठसा पसरतो, आणि थोराड कुत्र्याचा ठसा बिबट्याएवढा भरतो. एकाच ठशावरून निकाल न देता पुढचे चार-पाच शोधा. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर, ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असे बसा. सावलीमुळे कडा उठून दिसतात. दुपारच्या उन्हात तोच ठसा सपाट वाटतो.

प्रश्न : ठसा ताजा की शिळा?

उत्तर : ठशात झाडावरून टपकलेल्या दवाचे बारीक खड्डे असतील, तर प्राणी दव पडण्याआधी गेला. दवाने ओलावलेली धूळ ठशात दबलेली असेल, तर नंतर. सावलीतला ठसा मात्र दिवसचे दिवस ताजाच वाटतो.

प्रश्न : प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घेता येईल?

उत्तर : उद्यानात परवानगीशिवाय नाही. तिथे शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. सराव घराजवळ कुत्र्याच्या ठशावर करा. भोवती चार सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याचं कडं रोवा. पाण्याच्या दुप्पट प्लास्टर घ्या आणि ते पाण्यात हळूहळू सोडा. पाणी प्लास्टरवर ओतलं की गुठळ्या होतात. फार ढवळू नका, बुडबुडे राहतात. मिश्रण कडेने ओता, थेट ठशावर ओतलं तर माती उडते. अर्धा तास थांबा, थंडीत थोडं जास्त. उचलताना खालून चाकू घालून मातीसकट उचला. ती माती लगेच धुऊ नका. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने झाडा.