आधी ऑपरेशन, मग घर

ताई, भर पावसात सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली पांढरी पॉम (पॉमेरेनियन कुत्री), वन बीएचके, घरात आजारी सासूबाई आणि आठ दिवसांत 'फ्री आहे का, आज न्यायला येतो' असे चौदा मेसेज. यातलं कोणाला द्यावी, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, आज कोणालाच देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तिचे सड लोंबलेत, पुढचे दात पडलेत आणि केसांच्या गाठी पार कातडीला चिकटल्यात. बारा वर्षं पुण्यात अशा कुत्र्यांना घरं शोधून देतेय, त्यावरून सांगते, हिच्याकडून पिल्लांमागून पिल्लं काढून घेतली असणार आणि आता होत नाहीत म्हणून रस्त्यावर सोडली असणार. असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तरी ती हरवलेली असू शकते, म्हणून डॉक्टरांकडे आधी कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप आहे का ते तपासून घ्या. मशीन मानेवर, खांद्यांमध्ये फिरवलं की चिप असेल तर 15 आकडी नंबर येतो. सापडल्याच्या जाहिरातीत तिची एक खूण मुद्दाम गाळा, जिभेवरचा डाग म्हणा किंवा कानातली खाच. खरा मालक ती न विचारता सांगेल, शिवाय जुने फोटो आणि लसीचं कार्ड दाखवेल.

मालक नाही मिळाला, तर तिची नसबंदी केल्याशिवाय हातातून सोडू नका. सात वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या जोडप्याला मी एक पगची मादी ऑपरेशन न करता दिली होती. 'आम्ही करून घेऊ' म्हणाले, मी विश्वास ठेवला. सहा महिन्यांनी पिल्लं विकायच्या एका जाहिरातीत तिचा फोटो दिसला. उजव्या कानाच्या टोकाचा तुकडा गेलेला होता, त्यावरून ओळखली. फोन लावला तर नंबर बंद, घरही सोडलेलं. ती मला परत मिळाली नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं.

तेव्हापासून जाहिरातीची पहिलीच ओळ लिहिते, 'ऑपरेशन झालेलं आहे.' निम्मे मेसेज तिथेच थांबतात. तुमच्या चौदा जणांनाही एवढंच कळवून बघा.

ती गाभण नाही ना, हे आधी बघायला हवं. कुत्रीचे दिवस साधारण 63 असतात आणि सोनोग्राफीत पंचवीस-तीस दिवसांनंतर नीट कळतं. सडांत दूध असेल तर ते आटेपर्यंत डॉक्टर थांबायला सांगतील. तोवर रक्त तपासून घ्या (गोचिडांचा ताप वरून दिसत नाही), जंताचं औषध आणि रेबीजची लस उरकून घ्या. केस घरी कात्रीने कापू नका, गाठीबरोबर कातडी कापली जाते. क्लिनिकमध्ये मशीनने काढू देत.

आता घराचं. फोनवर सगळेच प्रेमळ असतात, म्हणून मी घरी गेल्याशिवाय कुत्रा देत नाही. बाल्कनीच्या गजांत मूठ घालून बघते. मूठ सहज गेली तर पॉमचं डोकंही जाईल. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कोण बघेल, दिवाळीत फटाके वाजले की ही कुठे बसेल, हे विचारते. लहान मुलांच्या हट्टापायी घेणारं घर मी शक्यतो टाळते. खेळण्याचं अप्रूप महिनाभराचं असतं. भाड्याचं घर असेल तर मालकाशी स्वतः बोलते. सोसायटी 'कुत्रा चालणार नाही' म्हणत असेल तर प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना दाखवा, सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही.

मागच्या वर्षी पर्वतीजवळ एका आजींकडे गेले होते. वय अडुसष्ट, त्यामुळे मनात शंका होती. आत गेले तर कॉटच्या कडेला गोधडीची घडी आणि दिवाणाला टेकवून ठेवलेला देवघरातला जुना पाट. 'तिचे पाय आखूड ना, उडी मारताना गुडघा निसटेल,' म्हणाल्या. मुलाकडून 'आईनंतर मी सांभाळेन' असं लिहून घेतलं आणि त्याच आठवड्यात कुत्री दिली. अशा म्हाताऱ्या माणसांना नाही म्हणू नका, फक्त पुढचं बोलून ठेवा.

देताना स्वतः नेऊन सोडा, ओळखपत्राची प्रत घ्या आणि 'जमलं नाही तर मलाच परत द्यायची, दुसऱ्याला नाही' हे कागदावर सहीनिशी लिहून घ्या. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावू नका. पॉमची श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की बदकासारखा खोकला लागतो, आणि घाबरली की पट्ट्यातून डोकं काढून पळते. छातीचा हार्नेसच हवा. ती आत्ता ज्या चादरीवर झोपते ती न धुता सोबत द्या. नव्या घरात पहिले दोन-तीन दिवस ती जेवणार नाही, कोपऱ्यात बसेल. त्या लोकांना हे आधीच सांगा, म्हणजे ते घाबरून फोन करणार नाहीत.

ऑपरेशननंतर टाके सुकायला दहा-बारा दिवस लागतात. सासूबाईंमुळे तेवढे दिवस घरी ठेवणं जड जात असेल तर माझ्याकडे आणून सोडा. आमची मागची खोली सध्या रिकामी आहे.