वाचक विचारतात : हिरवी मिरची आणि सकाळचा बरिटो

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला शिकतो. आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. तिथे बरिटो मागितला की 'रेड ऑर ग्रीन?' विचारतात म्हणे. काय सांगावं? आम्ही अंडं खातो, मांस नाही. (वाचक, सातारा)

बरिटो म्हणजे टॉर्टियात, म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीत, सारण गुंडाळलेला रोल. प्रश्न मिरचीबद्दलचा आहे, आणि न्यू मेक्सिकोत तो राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून मान्य झालेला आहे! ग्रीन म्हणजे भाजून, सोलून चिरलेली हिरवी मिरची. रेड म्हणजे तीच मिरची पिकवून, वाळवून केलेला दाट रस्सा. दोन्ही हवं तर 'ख्रिसमस' म्हणायचं. तिखटपणा दरवेळी सारखा नसतो, म्हणून पहिल्यांदा मिरची वेगळ्या वाटीत मागा.

ट्विस्टर्ससारख्या तिथल्या साखळी हॉटेलांत बरिटो दोन तऱ्हांनी मिळतो. 'हँडहेल्ड' फॉइलमध्ये गुंडाळलेला, हातात धरून खायचा. 'स्मदर्ड' म्हणजे ताटलीत ठेवून वरून मिरचीचा रस्सा आणि चीज ओतलेला. तो काट्यानेच खावा लागतो. हातातला खाताना फॉइल वरून दोन बोटं तेवढं सोला, खालचं राहू द्या. सगळं काढलंत तर रस कोपरापर्यंत येतो.

'एग, पोटॅटो, चीज, ग्रीन, नो मीट' एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी विचारा : हिरव्या रश्श्यात डुकराचं मांस किंवा चिकनचं पाणी आहे का, टॉर्टिया डुकराच्या चरबीत मळलाय का, घोटलेल्या राजम्यात ती चरबी आहे का. 'कार्ने अडोवाडा' हे लाल मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस, ते टाळा. तोंड भाजलं तर पाणी नको, दूध घ्या. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही.

प्रश्न : घरी केलेला बरिटो फाटतो आणि खालून गळतो. मिरची कोणती घ्यावी? (वाचक, पुणे)

गळण्याचं कारण बहुधा मिरचीतलं पाणी, आणि फाटण्याचं कारण जास्त भाजलेला टॉर्टिया.

चार बरिटोंना भजीची जाड, फिकट हिरवी मिरची पाव किलो आणि तिखटपणासाठी साध्या दोन मिरच्या घ्या. चव हुबेहूब येणार नाही, जवळ जाईल. गॅसच्या थेट आचेवर साल सगळीकडून काळी होऊन फुगेपर्यंत भाजा. झाकणाच्या पातेल्यात १५ मिनिटं ठेवा, वाफेने साल सुटते. मग बोटांनी किंवा सुरीने खरवडा. नळाखाली धुवू नका, धुराची चव पाण्याबरोबर जाते. बिया-शिरा काढून चिरा आणि चमचाभर तेलावर लसणाच्या दोन पाकळ्या व मीठ घालून पाणी आटेपर्यंत परता. तव्यावर मिरची सरकवली की मागे ओली रेघ राहते. ती दिसेनाशी झाली की झालं.

टॉर्टियाला २०० ग्रॅम मैदा, पाव चमचा बेकिंग पावडर, मीठ, ३० ग्रॅम तूप चोळून साधारण १०५ मिली गरम पाण्यात मळा. अर्धा तास झाका. चार गोळे करून २५ सेंटिमीटरचे लाटा. कडक तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजू ३०-४० सेकंद, बस. त्यापुढे गेलात तर खाखरा होतो. लगेच फडक्यात गुंडाळा, आणि भरताना टॉर्टिया गरमच हवा.

एका बरिटोला दोन अंडी, अर्धी वाटी उकडून कुरकुरीत परतलेला बटाटा, ३० ग्रॅम चीज आणि २-३ मोठे चमचे मिरची. भुर्जी ओलसर असतानाच उतरवा. त्यात कांदा-टोमॅटो नको, पुन्हा पाणी सुटतं. चीज सगळ्यात खाली पसरा, वितळून ते पाणी अडवतं. त्यावर बटाटा, अंडं, शेवटी मिरची. सारण मध्यापेक्षा जरा आपल्याकडे, वीतभरापेक्षा आखूड पट्टीत ठेवा. दोन्ही बाजू आत घ्या, जवळची कड सारणावरून आणून मागे ओढून घट्ट करा आणि गुंडाळा. सांधा खाली ठेवून मिनिटभर तव्यावर शेका. डब्यात द्यायचा तर आधी कागद, मग फॉइल. नुसत्या फॉइलमध्ये वाफेचं पाणी होतं.

प्रश्न : 'हॅच' ही मिरचीची जात आहे का? (वाचक, न्यू जर्सी)

नाही, गाव आहे, दक्षिण न्यू मेक्सिकोत रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्यात. तिथे बिग जिम, सँडिया अशा अनेक जाती पिकतात. या घराण्याचं मूळ म्हणजे फलोद्यानतज्ज्ञ फाबियान गार्सिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेला 'न्यू मेक्सिको नंबर ९' हा वाण. ऑगस्ट-सप्टेंबरात ताजी मिरची मिळाली तर भाजून सालीसकटच फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढल्यावर साल हाताने निघते.