वाचकांचे प्रश्न : नाशिकची वाइन, कोल्हापूरचं ताट

प्रश्न : नाशिकच्या वाइनला खरंच स्वतःची ओळख आहे, की फ्रान्सची नक्कल आणि वर जाहिरात? (वाचक, राजारामपुरी)

जाहिरात भरपूर आहे, हे मान्य. द्राक्षाच्या जातीही बहुतेक फ्रान्सच्याच : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने. पण वेळापत्रक पूर्णपणे इथलं आहे आणि चव त्यातूनच येते.

युरोपातला वेल हिवाळ्यात झोपतो. नाशिक २० अक्षांशावर, तिथं वेलाला झोप नाहीच, म्हणून वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. जुन्या काड्या खाली आणतात, उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांतच, म्हणजे काडीवरच्या कळ्यांत, पुढचे घड तयार होतात. या काळात पाणी जास्त झालं, फुटी दाटल्या किंवा आभाळ सतत भरून राहिलं, तर डोळ्यात घडाऐवजी नुसती फूटच धरते. तो तोटा कळतो थेट ऑक्टोबरात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड हे रसायन लावणं (पेस्टिंग), आणि जानेवारी ते मार्च तोडणी. पोंग्याच्या (कोवळी फूट बाहेर पडण्याच्या) आणि फुलोऱ्याच्या अवस्थेत अवकाळी पाऊस आला तर केवडा हा रोग सारी मेहनत खाऊन टाकतो.

आता मुख्य फरक. फ्रान्समध्ये द्राक्ष पिकत जातं तशी हवा गार होत जाते. नाशिकला उलटं : पिकायला सुरुवात थंडीत आणि शेवट उन्हात. निफाडच्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात येते ना, तीच थंडी द्राक्षातली आंबटाई टिकवते. फेब्रुवारी तापला की साखर भराभर चढते आणि आंबटाई देणारं मॅलिक आम्ल तितक्याच वेगानं उतरतं. आठवडाभर उशीर झाला तर व्हाइट वाइन सपक होते. म्हणून पांढरी द्राक्षं आधी तोडतात, तीही रात्री किंवा पहाटे, माल गार असताना. शेनिन ब्लाँ मुळातच आम्ल धरून ठेवणारी जात, त्यामुळे ती या हवेत शोभते. सोव्हिन्याँमधला ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास मात्र तोडणी कधी झाली यावर पुष्कळ अवलंबून असतो.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. पण मानांकन जागेची ग्वाही देतं, चवीची नव्हे. विकत घेताना बाटलीवरचं तोडणीचं वर्ष बघा. आपली तोडणी वर्षाच्या सुरुवातीला होते, त्यामुळे त्याच वर्षाच्या युरोपीय बाटलीपेक्षा आपली वाइन सहा-आठ महिने जुनी असते. साध्या व्हाइटसाठी ताजं वर्ष बरं.

प्रश्न : माझी शिरोळ तालुक्यात शेती आहे. वाइनची द्राक्षं लावावीत का? थॉमसन सीडलेसची वाइन का करत नाहीत? (वाचक, जयसिंगपूर)

थॉमसनचा मणी मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा. रेड वाइनचा रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) सालीतून येतं, त्यामुळे लहान मणी आणि जाड साल हवी. साखरही कमी पडते. खायच्या द्राक्षाला १८ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पुरतं, वाइनला साधारण २२ ते २४ लागतं. अंदाजासाठी ब्रिक्सला ०.५५ ने गुणा : २२ ब्रिक्सला १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. थॉमसनची वाइन होत नाही असं नाही, पण ती फिकी होते.

शिरोळची अडचण जमिनीची. नदीकाठची काळी, उसाची रानं पाणी धरून ठेवतात. वेल माजतो, पानं दाटतात, भुरी रोग शिरतो आणि साखर चढत नाही. मुरमाड, उतारावरचं, निचऱ्याचं रान असेल तरच विचार करा. हिवाळ्यातल्या रात्रीही आपल्याकडे नाशिकइतक्या गार होत नाहीत, त्यामुळे आम्ल लवकर उतरेल. जिल्ह्याच्या पश्चिम भागात तर पावसामुळे प्रश्नच मिटला.

हिशेबही करा. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन निघतात, चांगल्या वाइनसाठी चार-पाच टनांवर रोखावं लागतं. खायचा माल भाव पडला तर बेदाण्याला जातो, तासगाव-सांगलीचा बाजार दाराशी आहे. वाइनच्या द्राक्षाला वाइनरीशिवाय गिऱ्हाईक नाही. २००१ च्या राज्य धोरणात विंचूर आणि पलूस, दोन्हीकडे वाइन पार्क ठरले. वाइनरी रुजल्या त्या मुख्यतः नाशिककडे. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : खरेदीचा लेखी करार हातात नसेल तर एक कलमही लावू नका. करारात ब्रिक्स किती, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि माल नाकारला तर काय, हे तिन्ही असावं. जात आणि खुंटाबद्दल (ज्या मुळावर कलम बांधतात तो) पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारा. माती-पाण्याचा अहवाल सोबत न्या.

प्रश्न : तांबड्या रश्श्याबरोबर रेड वाइन कडू का लागते? (वाचक, शाहूपुरी)

रेडमधलं टॅनिन आणि तिखट एकमेकांना चेतवतात, अल्कोहोल जास्त असेल तर जिभेची आग आणखी वाढते. तांबड्याला किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या, १२ टक्क्यांच्या आतली, दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवून. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाला थोडी आंबटाई लागते, तिथं कोरडी शेनिन चालेल. रेडच हवी असेल तर सुक्क्या मटणाबरोबर शिराझ, तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. एप्रिलच्या कोल्हापुरात ‘खोलीच्या तापमानाला’ रेड म्हणजे कोमट काढाच. आणि कांदा-लसूण चटणी वरून वाढून घेतलीत, तर कुठलीच वाइन टिकणार नाही. तिथं सोलकढीच बरी.

प्रश्न : उघडलेली बाटली किती दिवस चालते? (वाचिका, गडहिंग्लज)

बूच घट्ट लावून, फ्रिजमध्ये उभी ठेवून तीन ते पाच दिवस, रेडही फ्रिजमध्येच. फेसाळ वाइन मात्र दुसऱ्या दिवशी संपवा. न उघडलेली बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवू नका. गॅसच्या उष्णतेनं बूच वर सरकतं आणि वाइनला शिजवलेल्या फळाचा वास येतो. व्हिनेगरसारखा वास आला तर मटण मुरवायला वापरा.